मका उभा असताना घेतलेलं नाव

गेल्या वर्षी, पोळा झाल्यावर, अहेरीच्या पलीकडच्या एका गोंड गावात एका वृद्ध शेतकऱ्याने आमच्या रेकॉर्डरसमोर पोपटाचं गोंडी नाव घेतलं. तेव्हा मका घरामागच्या बाडीत उभा होता.

चंद्रपूरच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटाने चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या पोपटांची मराठी नावं एकसारखी करायचं ठरवलं होतं. बल्लारपुरात जो तोता, तोच गडचिरोलीकडे राघू. जांभळट लाल डोक्याच्या लहान पोपटाला तर बाजारागणिक वेगळं नाव मिळत होतं. प्रत्येक जातीला एक नाव आणि शेजारी गोंडी नाव, अशी पुस्तिका निघणार होती. वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर पुस्तिकेची भाषा तपासायचं काम माझ्याकडे आलं.

त्या लहान पोपटाचं चित्र पाहून म्हातारे म्हणाले, पाहुणा. गटप्रमुखांनी ते लिहूनही घेतलं. मग म्हाताऱ्यांनीच खुलासा केला. कणसं भरल्यापासून खुडेपर्यंत गावात त्याचं खरं नाव कोणी घेत नाही. घेतलं की थवा येतो. खुडणी झाल्यावर या, सांगतो. गटप्रमुख म्हणाले, छपाई तोवर थांबणार नाही. लांबून आलेल्या माणसांना रिकामं पाठवणं म्हाताऱ्यांना जमलं नाही. त्यांनी हळू आवाजात नाव सांगितलं. मध्येच कोंबडी ओरडली म्हणून त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं.

"मामाजी, काऊन सांगता जी?" दारात उभी असलेली सून एवढंच म्हणाली आणि आत गेली.

कुडापलीकडे शेजारीणही ऐकत होती. त्याच पंधरवड्यात थवा उतरला. पोपट दरवर्षी येतात, हे गावाला माहीत होतं. या वेळी सर्वात जास्त नुकसान शेजारणीच्या बाडीत झालं. हातपंपावर तिने म्हाताऱ्यांना सगळ्यांसमोर ऐकवलं, "तुमी बोलावलं ना भाऊ, आता तुमीच वाढा त्याईले."

गावदेवाला नव्या पिकाचं पहिलं कणीस वाहण्याचा मान म्हाताऱ्यांच्या घराकडे होता. तो काढून घ्यायचा का, यावर गावाची बैठक ठरली. बैठकीच्या आदल्या दिवशी ते बसने चंद्रपूरला माझ्याकडे आले. चहा त्यांनी तसाच ठेवला.

"नाव पुसून टाका," ते म्हणाले. "मंग मले तिथं सांगता येते, पुसलं म्हणून."

मी रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर पुसलं. पुस्तिका छापून झाली होती, हेही सांगितलं. नाव काढायला गटप्रमुखांनी फोनवर आधी नकार दिला. संध्याकाळी त्या नावावर कोरी पट्टी चिकटवून प्रती वाटायचं कबूल केलं. पट्टी लावलेली पहिली प्रत म्हातारे सकाळच्या बसने घेऊन गेले.

बैठकीत त्यांनी ती दाखवली. एका तरुणाने ती उजेडासमोर धरली. पट्टीखालचं नाव दिसत होतं.

त्या वर्षी पहिलं कणीस त्यांच्या चुलत भावाने वाहिलं.