माळेतली एक पुतळी

मॉन्ट्रियलहून फोन आला तो नीलूच्या शेजारणीचा. ती फ्रेंचमध्ये बोलत होती. मला काही कळेना, म्हणून फोन माझ्या मुलाला, सुनीलला दिला. त्याचा चेहरा बघितला आणि सगळं कळलं… माझी लेक झोपेतच गेली. हार्ट. लोक 'सुटली' म्हणतात. कशातून सुटली? चांगली हिंडत-फिरत होती.

नीलू म्युझियममध्ये जुनी नाणी सांभाळायची. मागच्या विंटरला मी ग्वेल्फहून, सुनीलच्या घरून, तिच्याकडे गेले, तेव्हा तिने मला एका काचेपुढे उभं केलं. आत सोन्याचं नाणं होतं, वर भोक पाडलेलं. रोमन नाणं बघून जर्मन टोळ्यांनी केलेली नक्कल, म्हणाली.

"काय लिहिलंय त्यावर?"

"काहीच नाही, आई. त्यांना वाचता येत नव्हतं. अक्षरांसारखं दिसेल असं कोरलं."

"म्हणजे खोटं."

"सोनं खरं आहे की! गळ्यात घालायचे. माणूस मेलं की कधी कधी तोंडातही ठेवायचे. आपल्यासारखंच."

"भोक पाडलेलं नाणं कशाला दाखवतेस, माझ्या माळेतल्या पुतळ्या काय वाईट आहेत?"

"त्याही नक्कलच! व्हेनिसच्या नाण्याची. घरी गेलीस की वाच बघू काय लिहिलंय."

"गप गं. माझ्या आईची माळ आहे ती."

ती इतकी हसली की तिथला गार्ड वळून बघायला लागला.

ती माळ मी तिच्या लग्नासाठी ठेवली होती. लग्न तिने केलंच नाही, त्यावरून आम्ही पुष्कळ भांडलो. त्या दिवशी पुन्हा विचारलं, "मग घालणार कधी?"

"तू गेलीस की घालीन. पण घाई करू नकोस…"

फोन आला तसे आम्ही गाडीने निघालो. निघताना माळेतली एक पुतळी सोडवून मी पदराला बांधली. मी पोचेपर्यंत तिचं तोंड बंद करू नका, असं सुनीलकडून फ्युनरल होमला कळवलं.

तिथे सुनील हळूच म्हणाला, "आई, ते सोनं ठेवू देणार नाहीत बहुतेक. विचारू का?"

"विचारू नकोस."

तुळशीचं पान ठेवलं, गंगेचं पाणी घातलं, आणि पुतळी ठेवली. ओठ गार होते. मी हाताने मिटले.

उरलेली माळ आता मीच घालते, घरातसुद्धा. सुनील म्हणतो, सोनाराकडून नवी पुतळी बसवून आणू. नको म्हटलं. सकाळी चहा उकळेपर्यंत बोट आपोआप त्या जागी जातं… तिथे नुसता दोरा लागतो.