सुलभाने देशाला दिलेले गुण

सुलभा गेल्याचं कळलं तेव्हा मी गोंदियाच्या बाजारात भाजी घेत होते. फोन तिच्या भाच्याचा. "आत्या गेली," एवढंच म्हणाला... पिशवी तिथेच विसरून मी तिरोड्याची बस धरली. चोरखमाऱ्याजवळच्या तिच्या गावी पोहोचले तोवर सगळं उरकलं होतं.

कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर माझ्या या मैत्रिणीने एक अजब काम घेतलं होतं. कोणता देश पुरोगामी सामाजिक धोरणांची ग्वाही किती ठळकपणे देतो, हे पाहून एका परदेशी अभ्यासगटाला गुण कळवायचे. कायदे, भाषणं, जाहिराती, शाळेची पुस्तकं, सगळं ती चाळायची. आपल्या देशाला तिने भरघोस गुण दिले आणि माझं डोकंच फिरलं. तिच्या गावात पंचायतीच्या भिंतीवर स्त्री-पुरुष समानता मोठ्या अक्षरांत रंगवलेली, आणि त्याच भिंतीखाली तलावाच्या पाणीवाटपाची बैठक भरली की बायकांच्या शेताला पाणी सोडायची पाळी पुरुष सांगायचे. शेजारच्या फुलाबाईचा नवरा वारल्यापासून तिच्या धानाच्या बांधीसाठी, म्हणजे बांध घातलेल्या शेतासाठी, पाणी तिचा दीर मागायचा आणि आधी स्वतःच्या शेतात वळवायचा.

"हे गुण खोटे आहेत," मी म्हटलं.

"कायले खोटे? देश किती जोरात बोलून राहिला, तेवढंच इचारलं त्याहिनं," ती म्हणाली. "आन् बोलला म्हणून तं मागता येते. भिंत कोरी असती, तं मी काय दाखवून भांडली असती?"

आणि ती भांडायची... दर बैठकीत भिंतीकडे बोट दाखवून. "मॅडमचा तास सुरू झाला," म्हणून लोक हसायचे. फुलाबाई मात्र दाराबाहेर पाऊल टाकायची नाही, आणि याचीच सुलभाला फार खंत होती. मला वाटायचं, ही बाई उगाच घसा कोरडा करते.

परवा तिचं घर आवरायला गेले, तर वाटेत बैठक बसलेली दिसली. भिंतीकडे बोट दाखवणारं आता कोणी नव्हतं. सतरंजीच्या कडेला, सगळ्या पुरुषांत, फुलाबाई पदर सावरून बसली होती. पाळ्या लावणाऱ्या म्हाताऱ्याने सवयीने विचारलं, "तुहा दीर कोठी हाये?"

"घरी हाये," ती म्हणाली. "पाणी माह्या बांधीले पाहिजे. मी सांगून राहिली."

कोणी हसलं नाही. पाळी तिच्या नावाने लागली. मी रस्त्यातच उभी राहून रडले... हे बघायला सुलभा हवी होती.