पॅस्को सरांची पाटी

मर्विन पॅस्को एकतीस वर्षं आमच्या उसाच्या गावात इंग्रजी शिकवत होता. शिकवत होता म्हणायचं आपलं. विशेषणांच्या पायऱ्या शिकवायच्या झाल्या की तीन पोरांना फळ्यापुढे उभं करायचा: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. इथवर ठीक. मग गड्याला चेव चढायचा. स्लो, स्लोअर, स्लोएस्ट. आणि त्या शेवटच्या जागी दर खेपेला कार्ला बॉनेट्टी. तिच्या घरी इटालियन बोलत, ती वाचताना अडखळायची, एवढाच तिचा गुन्हा.

मी हुशारांच्या टोकाला उभा असायचो. तिथून दुसऱ्याला हसणं फार सोपं जातं.

गेल्या डिसेंबरात पॅस्को निवृत्त झाला आणि शाळेच्या वाचनालयावर त्याला आपल्या नावाची पितळी पाटी हवी झाली. बायको वारलेली, मुलगा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पर्थला; तिथून फोनसुद्धा करत नाही. गावात आपलं नाव तरी राहावं, म्हणून ही धडपड. मजकूरही स्वतःच लिहून आणला होता: 'या गावाचे सर्वोत्तम शिक्षक'. जनाची नाही तर मनाची तरी असावी ना माणसाला. पालक समितीत आम्ही सातजण, सगळे त्याच्याच हाताखालून गेलेले. अध्यक्ष कार्ला.

तिने कागद वाचला आणि घडी घालून ठेवला.

"सर, नाव घालू, विषय घालू, वर्षं घालू. बाकीचं राहू द्या."

"बरं, सर्वोत्तम नको. 'इतरांहून चांगले' लिहा."

"इतर कोण, सर? इंग्रजीला तुम्ही एकटेच तर होतात."

कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं.

"मग नुसतं 'चांगले' लिही. एकतीस वर्षं दिलीत गं मी, कार्ला."

"कुणी हात वर केला तर लिहिते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "एक हात पुरे."

पॅस्को एकेकाकडे बघत गेला. सगळ्यांना एकदम टेबलाच्या फळीत काहीतरी दिसू लागलं. शेवटी त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी त्याचा लाडका, माझी वही तो वर्गभर फिरवायचा. त्या क्षणी मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू? स्वतःची त्याहून जास्त किळस आली.

मी हात पुढे केला, बशीतला लॅमिंग्टन केक उचलला आणि खाऊ लागलो.