ओल्या माठाची पाटी

बयाबाईचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. तेव्हा नेरुळच्या इमारतींत एकही दिवा लागलेला नसायचा. शिरवणे गावाच्या मागे, नाल्याच्या कडेला, शहरासाठी जमिनी घेतल्या तेव्हा मोजणीतून सुटलेला शेताचा एक तुकडा तिच्याकडे उरला होता. तिथे ती कंदिलाच्या उजेडात माठ आणि मुळा उपटायची, जुड्या बांधायची, विहिरीवर धुवायची. धुतलेली भाजी निथळू दिली तर पाटी हलकी होते. बयाबाई निथळू द्यायची नाही. गिऱ्हाइकाला जुडी टवटवीत मिळावी म्हणून ती ते पाणीही डोक्यावरून वाहून आणायची.

मी महाप्याच्या कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्यात आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यावर पाय आखडू लागले, म्हणून पहाटे फिरायला लागलो. आमची ओळख ओझ्यावरून झाली. भरलेली पाटी एकट्याने डोक्यावर चढत नाही आणि उतरतही नाही. बयाबाई तिच्या भाजी विकायच्या कोपऱ्यावर, डोक्यावर पाटी घेऊन मान ताठ धरून उभी होती. म्हणाली, "हात दे रं."

पाटी उतरवून मी म्हटलं, "बाई, मी तुझ्याहून थोरला असेन."

"मंग काय झाला? पाटी काय वय बघते?"

गावच्या बोलीत ती सगळ्यांना एकेरीच बोलायची. नवरा हिरामण मिठागरात राबून राबून वारला होता. आता तिचीही मान धरत चालली होती. चार चाकांच्या हातगाडीसाठी ती पैसे साठवत होती. "गाडी आली का कोनाला हात मागाया नको," म्हणायची. दुसरं काही मागताना मी तिला ऐकलं नाही.

शहाण्णवच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी रस्त्यापलीकडे चहा घेत होतो. तिच्यासमोर पहिलं गिऱ्हाईक उभं होतं. समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार. पांढरे बूट, पांढरी पँट, हातात दोन जुड्या.

"एवढीशी जुडी? आणि आधी तुम्ही म्हणायला शीक, बाई."

"बरा. तुमी घे."

चहावाला हसला. नंदकुमार हसले नाहीत. ते भाव पाडत राहिले.

तेवढ्यात केळीवाला हातगाडी पळवत ओरडला, "मावशी, अतिक्रमणवाले आले. ऊठ."

सगळे पळाले. बयाबाई उठली नाही. भवानी झाल्याशिवाय जागा सोडायची नाही आणि भवानीचं गिऱ्हाईक रिकामं पाठवायचं नाही, हा तिचा नेम. मला तो मूर्खपणा वाटला, अजूनही वाटतो. पण नंदकुमारांना तो नेम माहीत होता. ट्रक वळणावर दिसत असूनही ते ना भाव देत होते, ना जुड्या खाली ठेवत होते.

"ने तुझ्या भावात," शेवटी ती म्हणाली.

त्यांनी सुटे पैसे दिले. तिने ते कपाळाला लावले, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वाकून पाटीची कड धरली. "आता हात दे."

नंदकुमारांनी गळणाऱ्या पाटीकडे पाहिलं, मग आपल्या पँटकडे. आणि मागे सरकले.

मी चहा टाकून धावलो, पण माझे पाय आता धावायचे राहिलेले नाहीत. मी पोचलो तेव्हा पाटी ट्रकवर चढत होती. ती उचलायला दोन जण लागले, दोघेही तरणे. तराजूही त्यांनी ट्रकमध्ये भिरकावला. बयाबाई चुंबळ डोक्यावर तशीच ठेवून उभी होती.

"हात का दिला नाहीत?" मी नंदकुमारांना विचारलं.

"काका, उगाच टेन्शन घेऊ नका. बेकायदेशीर आहे हे. सोसायटीनेच अर्ज दिलाय."

"आणि तुमच्या हातातला माठ?"

"तो मी पैसे देऊन घेतलाय," म्हणाले आणि गेटातून आत गेले.

बेकायदेशीर. शहर व्हायच्या आधी त्या फुटपाथच्या जागी बयाबाईने भाताची लावणी केली होती. सकाळी दारात ताजी भाजी हवी, आणि दहा वाजता अर्जावर सह्या. असल्या माणसांना ओझं म्हणजे काय ते कधी कळणार नाही, कारण ते नेहमी दुसऱ्याच्या डोक्यावर असतं.

दोन दिवसांनी मी तिच्याबरोबर जप्तीच्या गोदामावर गेलो. कारकून मान वर न करता म्हणाला, "भाजी नाशवंत, ती मिळत नाही. बाकीचं दंड भरून न्या."

बयाबाईने कमरेची पिशवी सोडली.

"गाडीचं पैसं हाय हे," ती म्हणाली.

"कसल्या गाडीचे?" कारकुनाने विचारलं. तिने पैसे पुढे सरकवले. पिशवी रिकामी झाली. त्या पैशांत तिला तिचा स्वतःचा तराजू मिळाला, आणि बूड फुटलेली पाटी.