तिचे पाय झाकायचे नाहीत

मुलगी झाली म्हणून आमच्याकडे कोणी नाक मुरडलं नाही, हे आधी सांगते. धायरीच्या त्या घराला नातच हवी होती. सासूबाईंनी तिला हौसेनं मांडीवर घेतलं, दुपटं उलगडलं आणि तितक्याच घाईनं पुन्हा गुंडाळलं. तिची दोन्ही पावलं आत वळलेली होती, तळवे एकमेकांकडे तोंड करून. डॉक्टरीणबाईंनी मला ते आधीच दाखवलं होतं. "क्लबफूट म्हणतात याला. उपचार आहे, पण लवकर सुरू करा," असं सांगून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या होत्या.

"ग्रहणात काय चिरलंस का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"ग्रहण अख्ख्या पुण्याला लागलं होतं, आई. बाकीच्यांची पावलंही बघून या."

मी सदाशिव पेठेत वाढलेली. टाके पडले होते ते दुसरीकडे, तोंड मोकळं होतं.

बाळंतपणाला मी माहेरीच होते. माझ्या वडिलांनी चौकशी करून एका धर्मादाय रुग्णालयाचा पत्ता काढला. तिथे अशा मुलांवर मोफत उपचार होतात, दर आठवड्याला पाय थोडा थोडा सरळ करत प्लास्टर घालतात, असं कळलं. ही बातमी धायरीला पोचली आणि दुसऱ्याच दिवशी सासरे गाडी घेऊन आले. जमिनी बिल्डरला देऊन झाल्यापासून ते कुठेही मोठी गाडी काढूनच जायचे, मग पेठेत ती लावायला जागा नसली तरी.

"फुकटच्या रांगेत माझी नात बसणार न्हाय," ते म्हणाले. "आपल्या वळखीचा डॉक्टर हाय. वर्षाची झाली की मोठं ऑपरेशन करू. तवर दुपट्यात ऱ्हाऊ दे. कुणाला कळायबी नको."

"आबा, आत्ता तिची हाडं मऊ आहेत. वर्षभर कशाची वाट बघायची?"

"आपल्या घराण्यात असलं काय कधी नव्हतं," ते म्हणाले, म्हणजे ते माझ्याकडून आलं. चहा तसाच ठेवून गेले.

नवरा हिंजवडीहून फोनवर म्हणाला, "थोडं थांबून बघूया का?" मी फोन ठेवला आणि आईला घेऊन रिक्षात बसले.

तिथल्या बाकावर सगळ्या आया एकसारख्या बसलेल्या होत्या. बाळ छातीशी, पाय दुपट्यात घट्ट. तरुण डॉक्टर मुलीनं माझ्या लेकीचं पाऊल हातात घेतलं आणि अंगठ्यानं हळूहळू बाहेर वळवलं, कणीक मळावी तसं, पण जोर न लावता. "दूध पाजत राहा, म्हणजे ती सैल राहील," ती म्हणाली. मी पाजत होते, आणि पोटरीवरून मांडीपर्यंत ओल्या पट्ट्या चढत होत्या. घरी परतताना ते प्लास्टर माझ्या हाताला जड आणि थंड लागत होतं. त्या दिवशी मी रडले. पण घट्ट गुंडाळलं मात्र नाही.

सव्वा महिन्यानं मी धायरीला गेले, तरी प्लास्टरं चालूच होती. त्या घरात मागच्या खोलीत सासऱ्यांची थोरली बहीण राहायची. सगळे तिला आत्या म्हणत, मीही. तिचं लग्न झालेलं नव्हतं. ती डुलत डुलत चालायची आणि तिचं नऊवारी लुगडं कायम जमिनीला टेकलेलं असायचं. लहानपणी चिंचेवरून पडली, असं मला लग्नात सांगितलं होतं.

एका सकाळी जुनं प्लास्टर भिजवून काढलेलं होतं आणि नवं घालायला जायचं होतं. मध्ये तेवढीच अंघोळ मिळायची. मी लेकीला पाण्यातून काढून टॉवेलवर ठेवलं, तेव्हा आत्या दारात आली. तिनं ते पाऊल तळहातावर घेतलं आणि तशीच खाली बसली. मग स्वतःचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं. तिचे दोन्ही पाय पूर्ण उलटे वळलेले होते. तळव्याऐवजी पावलाच्या वरच्या बाजूवर ती आयुष्यभर चालली होती, आणि तिथली कातडी दगडासारखी झाली होती.

"म्या झाडावरनं न्हाय पडले," ती म्हणाली. "म्या अशीच जन्मले. लोक बघतील म्हणून शाळंत घातलं न्हाय. आमच्या आईला मरस्तवर ग्रहणाचं ऐकवलं."

मी लेकीला टॉवेलनं पुसू लागले.

"आज जायचंय ना तिकडं? म्या येते."

निघताना सासरे ओसरीवर होते. मी म्हणाले, "आबा, घराण्यात असलं कधी नव्हतं म्हणालात ना? मी आत्यांना घेऊन चालले आहे." त्यांनी बहिणीकडे पाहिलं, मग पेपरात पाहिलं. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

रुग्णालयात आत्या बाकावर बसली आणि शेजारणीच्या मांडीवरचं गाठोडं बघून म्हणाली, "झाकू नगंस गं. झाकून काय व्हतं ते माझ्याकडं बघ." आणि भर लोकांत पाय पुढे केले. हळूहळू एकेक दुपटं सुटायला लागलं.

डॉक्टर मुलगी तिच्यासमोर जमिनीवर बसली. "आजी, तुमचे पाय आता प्लास्टरनं सरळ नाही होणार. मापाचे बूट करून देता येतील, दुखणं कमी होईल."

आत्यानं माझ्या मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "आदी हिचं करा."

मग बारशाचं निघालं. प्लास्टर सुटेपर्यंत पुढे ढकलूया, असं सासूबाईंचं म्हणणं. मी म्हणाले, आत्ताच करायचं, आणि नाव आत्या ठेवेल. नवऱ्याला बहीण नाही, तो मान एका चुलत नणंदेला दिलेला होता. आत्याला आजवर कुठल्याच शुभकार्यात पुढे बसवलेलं नव्हतं. या वेळी नवरा पहिल्यांदा मोठ्यानं बोलला, "आत्याच ठेवेल."

सिंहगड रोडवरच्या कार्यालयात लेक पाळण्यात निजली होती, आणि झबल्याखालून दोन पांढरे पाय बाहेर.

"पडली का गं?" एक बाई कळवळून म्हणाल्या.

"नाही. पाय वाकडे होते, सरळ करून घेतेय. मोफत," मी सासऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

आत्या डुलत पुढे आली, पाळण्यात वाकली आणि कानात नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. साठी उलटलेली बाई धपाटे खात खदखदा हसत होती.

पुढे टाचेवर एक लहानसा छेद घेतला, आणखी एक प्लास्टर झालं, मग मधल्या पट्टीनं जोडलेले बूट आले. ते काही वर्षं घालायचे होते, नाहीतर पाय पुन्हा वळतात. लेक रडली की सासूबाई हळूच बूट काढायच्या. "घाल परत," आत्या मागच्या खोलीतून ओरडायची, आणि घातल्याशिवाय गप्प बसायची नाही.

तिचेही बूट आले. काळे, बेढब, तिच्या पायाच्या आकाराचे. ते घालून ती अंगणात उतरली तेव्हा सासरे म्हणाले, "हेबी फुकटचंच?"

"हां. तू कधी इकतचं आणलं व्हतंस का?"

त्यानंतर मात्र सासरे रुग्णालयात जायच्या दिवशी गाडी काढून स्वतः सोडायला यायचे आणि फाटकाबाहेर थांबायचे. आत कधी आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

लेक आता शाळेत जाते. तिची डावी पोटरी जरा बारीक आहे, तशीच राहील म्हणतात. पळताना काही कळत नाही. हॉलमध्ये मी बारशाचा फोटो मोठा करून लावला आहे, दोन्ही प्लास्टरं अगदी समोर, मागे आत्या. पाहुणे यायचे असले की सासूबाई म्हणतात, "आता बरी झाली ना, मग तो काढ की." लेकीच्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, याची त्यांना आत्तापासून चिंता आहे.

फोटो भिंतीवरच आहे. पाहुण्यांनी विचारलं तर मी सांगते, सगळं सांगते. मी कामात असले तर लेकच स्टुलावर चढून बोट ठेवून दाखवते, "ही मी, आणि हे माझे पाय."