व्हीआयपी संडासाची चावी

चारकोपच्या मैदानात दरवर्षी आमचा मालवणी जत्रोत्सव भरतो. कोंबडीवडे, सोलकढी, खाजं, आणि शेवटच्या दिवशी दशावतार. त्या दशावतारात मी स्त्रीपार्ट करतो, गेली अठरा वर्षं. दिवसा इंडस्ट्रियल इस्टेटीत पॅकिंग मशीन चालवणारा माणूस, बावन्न वर्षांचा, छातीवर केस, आणि जत्रेत राणी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मला राणी करते ती आमची ताई. मंडळात सगळे तिला ताईच म्हणतात. एरवी ती एका पार्लरमध्ये कामाला असते, पण जत्रेच्या दिवशी सुट्टी टाकून दुपारी बारालाच हजर होते. नऊवारी, टोप, नथ, डोळे, ओठ, सगळं तिच्या हातचं. ताई जन्माला आली तेव्हा घरच्यांनी पेढे मुलगा झाला म्हणून वाटले होते. वयाच्या विशीपासून ती बाई म्हणून राहते. कुणी खोदून विचारलंच तर "मी बाई" एवढंच सांगते आणि पुढची पिन उचलते.

गेली तीन वर्षं मी तिच्यापुढे चहा धरायचो आणि ती मान हलवायची. सोलकढी नको, पाणीसुद्धा नको. "काय गं, उपास धरलायस की डाएट?" म्हणून मी चिडवायचो. ती तोंडात पिना धरून नुसतं हूं करायची. आणि मी गाढव, मला वाटायचं बाई कामाच्या नादात खाणंपिणं विसरते.

यंदा जत्रेआधी ती आठ दिवस तापाने पडली होती. लघवीचं इन्फेक्शन. डॉक्टरीणबाईंनी चांगलंच फैलावर घेतलं तिला. भरपूर पाणी प्यायचं, लागली की जायचं, तुंबवून ठेवायची नाही. पुन्हा झालं तर किडनीवर जाईल. हे तिने मला माझा कासोटा घालताघालता सांगितलं. त्या दुपारी पहिल्यांदाच ती माझ्यासमोर बाटलीभर पाणी प्यायली.

"मग लागली की जा ना. मागेच तर आहेत संडास," मी म्हटलं.

"कुठल्या संडासात जाऊ, दादा?"

मला कळलंच नाही आधी. मग तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ती बायकांच्या रांगेत उभी राहिली, तर एकीने दंड धरून बाहेर ओढलं आणि वॉचमनला हाक मारली. वॉचमनने पुरुषांच्या बाजूला हाकलली. तिथे जे झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हापासून जत्रेच्या दिवशी सकाळी उठल्यापासून पाणी बंद. म्हणजे तीन वर्षं मी जिला उपासावरून चिडवत होतो, ती माझ्याच नाटकासाठी तहान मारून बसत होती! खरं सांगतो, आधी मला राग आला तो तिचाच.

"मला बोलली का नाहीस गं?"

"बोलून काय? तू बांधून देणार होतास?"

मी म्हटलं, बघू काहीतरी.

सात वाजता मलाच लागली. आता मेकअपला दीड तास जातो. तो उतरवून परत चढवायचा म्हणजे खेळाची वाट लागली. तसाच गेलो, नथीसकट, पुरुषांच्या बाजूला. एकाने शिट्टी घातली. "वहिनी, चुकलात काय?" दुसऱ्याने पदर ओढला. तिसऱ्याने मोबाइल काढला. मी माझ्या खऱ्या आवाजात आईमाईवरून शिव्या घातल्या, तर मेले आणखीच खिदळायला लागले. सगळी आपलीच पोरं, शेजारच्या सेक्टरमधली. तिथे बंद खोली अशी नव्हतीच, नुसती भिंत आणि पन्हळ. आणि नऊवारी नेसून पन्हळीपाशी उभं राहता येत नाही हो.

मग बायकांच्या बाजूला गेलो. दारात तीच बाई होती जिने दहा मिनिटांपूर्वी माझ्यासोबत सेल्फी काढला होता. "अगोबाई, काय दिसताय!" म्हणाली होती. आता तिने किंचाळून सगळं मैदान गोळा केलं, "पुरुष घुसतोय!" तिला मी बोल लावत नाही. मी पुरुषच आहे. आणि बायकांना आपल्या दारात असा पहारा का ठेवावा लागतो, हे मी नुकतंच पलीकडे बघून आलो होतो. पण माझं जाऊ दे. मला एका संध्याकाळी एवढं झालं, तर ताईने रोजचं काय करायचं?

मागे वळलो आणि तिसरा संडास दिसला. स्टेजच्या मागे, पाटी लावलेला, "व्हीआयपी". आत टाइल्स, बेसिन, हात धुवायला सुवासिक साबण. दारावर बाईचं चित्र नाही की बाप्याचं नाही. मी तिथेच उभा राहून बघत होतो. आधी प्रमुख पाहुणे जाऊन आले. मग त्यांची बायको. मग त्यांचा बॉडीगार्ड. मग कुणी मेहुणी. सगळे एकाच दारातून! कुणी किंचाळलं नाही, कुणाची संस्कृती बुडाली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीटिंगमध्ये काही नवीन मागितलं की हेच जत्रा समितीवाले सांगतात, जागा नाही, बजेट नाही, लोक काय म्हणतील. अरे, मग हे काय आहे? बाई आणि बाप्यासाठी एकच संडास तुम्ही दरवर्षी बांधताय की! फक्त तो साहेबांसाठी.

चावी समितीच्या सेक्रेटरीच्या खिशात होती. सेक्रेटरी आमच्याच गावचा, माझ्यासोबत शाळेत होता.

"तुका देतंय रे," तो म्हणाला. "तू आपलो माणूस. लवकर आटप."

मी गेलो. खोटं कशाला सांगू, आधी मीच जाऊन आलो. बाहेर आल्यावर ताईला हाक मारली आणि चावी तिच्या हातात दिली. ती दाराशी पोचतेय तोवर सेक्रेटरी आडवा आला.

"तिका देऊक जमूचा नाय."

"का? मला जमलं ते?"

"तू नाटकापुरती बाई झालंस. ती म्हणजे..." पुढचा शब्द त्याने गिळला. "पाव्हण्यांची बायको परत येतली. उगाच तमाशो नको."

ताईने चावी त्याच्या तळहातावर ठेवली. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात पखवाज वाजला. माझी एंट्री. ताईने माझा पदर सारखा केला आणि मला विंगेकडे ढकललं. "जा. मी धरते अजून थोडा वेळ." तिच्या कपाळावर घाम होता.

आता दशावताराला लिहिलेलं नाटक नसतं. कथा ठरलेली, बाकी बोलणं ज्याच्या त्याच्या जिभेवर. त्या दिवशी राणीने राजाकडे न्याय मागायचा होता, सेनापतीविरुद्ध. मी राजाचं सिंहासन म्हणून ठेवलेल्या बाकासमोर उभा राहिलो, राजाला मुजरा केला, आणि सेनापती गेला खड्ड्यात.

"महाराज! आपल्या नगरीत हत्ती झुलतात, महालांवर सोन्याचे कळस आहेत. पण माझी एक सखी दुपारपासून लघवी धरून उभी आहे. स्त्रियांच्या दारातून तिला हाकलतात. पुरुषांच्या दारात तिचा छळ होतो. तिसरं दार आहे, पण त्याला कुलूप, आणि चावी आपल्या प्रधानाच्या खिशात. न्याय करा महाराज, तिने जायचं कुठे?"

राजाशी हे ठरलेलं नव्हतं. पण तो जातिवंत नट. बाकावरून उठला आणि गरजला, "कोण तो प्रधान? हजर करा त्याला दरबारात!"

मैदान उसळलं. शिट्ट्या, आरोळ्या, सगळ्यांच्या माना सेक्रेटरीकडे. प्रमुख पाहुणेसुद्धा मांडीवर थाप मारून हसले आणि उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मला चढली. मी आणखी पाच मिनिटं ओढलं. व्हीआयपी पाटीचा विषय काढला, साबणाचा काढला, मेहुणीसुद्धा सोडली नाही. अठरा वर्षांत एवढी दाद मला कधी मिळाली नव्हती. मागून कुणीतरी ओरडलं, "सखी कुठाय? सखीला आणा!" मग दहाबारा जणांनी तेच धरलं. मी हात जोडून आत आलो.

ताई पेटाऱ्यावर बसली होती. गुडघे घट्ट मिटलेले, ओढणी तोंडावर ओढलेली. तिच्या बाजूला चावी पडली होती. सेक्रेटरीने पाहुण्यांपुढे शोभा झाली म्हणून स्वतः आणून ठेवली होती ती.

"बघ, मिळाली की नाही!" मी म्हटलं. माझा श्वास अजून फुललेला होता. "ऊठ, जा आता. बघू कोण अडवतो!"

तिने ओढणी न काढता बोटाने पडद्याकडे दाखवलं. मी फट करून बाहेर पाहिलं. स्टेजपासून त्या संडासापर्यंत वीस पावलं असतील नसतील. त्या वीस पावलांत दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, बायका, पोरं, सगळी, हातातले मोबाइल वर धरून, सखी बाहेर कधी येते ते बघत.

मी पडदा सोडला.

"सगळ्या मैदानाला सांगितलंस ना," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच मला सहन होईना. "टाळ्या तुला पडल्या, दादा. मला अजून लागलेलीच आहे."