चपट्या टीव्हीचा आवाज

मेघा चाळीस वर्षांची झाल्यावर काय करेल, हा प्रश्न प्रेमिलाच्या डोक्यात एकदा शिरला की निघायचं नाव घेत नसे. भाजी चिरताना तो असे, वाचनालयातली पुस्तकं बदलायला जाताना असे. मुलगी आता अठ्ठावीसची आहे, खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून तीन-तीन मजले सहज चढते. पण कंबर काय जन्मभर अशीच राहणार आहे? आणि काम तरी असं, की नातेवाइकांना सांगायचं म्हटलं तर आधी समजावून सांगावं लागतं.

मेघा टीव्हीचा आवाज नीट करून देते. टीव्ही चांगला असतो, चित्र लखलखीत असतं, फक्त माणसं काय बोलतात ते कळत नाही. अशा घरी तिला बोलावतात. जुना डबा टीव्ही होता तोवर ही तक्रार नव्हती. नवे टीव्ही कॅलेंडरसारखे चपटे झाले, आणि त्यांचे स्पीकर बिस्किटाएवढे होऊन खालच्या कडेला नाहीतर पाठीमागे जाऊन बसले. माणूस पडद्यावर समोर बोलतो, त्याचा आवाज मात्र फरशीकडे जातो. त्यात नागपूरचा उन्हाळा. मार्चअखेर कूलर लागले की त्या घरघरीत संवाद बुडतात. मग आवाज वाढवायचा, मग जाहिराती कान फाडतात, मग घरात वाद. तेव्हा मेघाचा फोन वाजायला लागतो.

तिची एक रीत आहे. कुणाच्या घरी गेली की ती आधी टीव्हीकडे जातच नाही. घरात वयानं सगळ्यात मोठं माणूस कोण आणि ते कुठं बसतं, हे विचारते. मग त्या जागेवर जाऊन डोळे मिटून बसते, कूलर बंद करून आणि मग चालू करून. "आपली पोरगी लोकाइच्या घरी जाऊन ध्यानाले बसते," असं देवाजी, तिचे वडील, शेजारपाजारी सांगत फिरत. ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मुलीचं फार कौतुक.

प्रेमिलालाही कौतुक होतं, पण तिच्या मनात एक शब्द घट्ट बसलेला होता. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा ते गिरणीत बदली कामगार होते आणि शेवटपर्यंत बदलीच राहिले. पुढे देवाजी एसटीत कायम झाले, त्या दिवशी म्हाताऱ्यानं इंदोऱ्याच्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. 'कायम' हा शब्द या घरात असा आलेला. मेघानं कोराडीच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे दोन वर्षं काम केलं आणि गेल्या वर्षी सोडून दिलं, तेव्हा प्रेमिला दोन दिवस नीट जेवली नव्हती.

म्हणून मागच्या आठवड्यात मधुकररावांचा फोन आला, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. मधुकरराव म्हणजे मेघाचे तिथले साहेब. एक पक्की जागा निघाली होती. मेघाला त्यांनी विचारलं होतं आणि ती नाही म्हणाली होती, तरी एकदा आईच्या कानावर घालावं म्हणून त्यांनी फोन केला. प्रेमिलानं काय केलं, तर मेघाच्या सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स गुपचूप त्यांच्याकडे पोचवल्या. "तयार आहे ती," म्हणाली, "तोंडानं बोलत नाही एवढंच." सोमवारी नाव ऑफिसात देतो, असं मधुकरराव म्हणाले. बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या आईची तक्रार सांगितली, की तिला टीव्हीवरचं काही ऐकू येत नाही. प्रेमिलानं तीही संधी साधली. मेघाला टीव्हीसाठी पाठवते म्हणाली, म्हणजे समोरासमोर तुम्हीच तिला जागेचं समजावून सांगा.

रविवारी दुपारी मायलेकी स्कूटरवरून कोराडीला निघाल्या.

"तू काहून येऊन राहिली वं आई?"

"मधुकररावांच्या आईले भेटाचं हाय मले."

"कधीपासून ओळखतेस तू त्यांना?"

"आजपासून," प्रेमिला म्हणाली.

कॉलनीतल्या क्वार्टरचं दार मधुकररावांनीच उघडलं. पुढच्या खोलीत भिंतीच्या मोठ्या लाकडी कपाटात, पार आतल्या बाजूला, टीव्ही ठेवलेला होता. त्यांची आई जयवंताबाई मागच्या वऱ्हांड्यात लसूण सोलत बसल्या होत्या.

"आईले कमी ऐकू येते," मधुकरराव हळू आवाजात म्हणाले. "कानाची मशीन आणली, तर ते डब्यातच हाय."

"मले सगळं ऐकू येते," मागून आवाज आला. "तू डॉक्टरले माह्याबद्दल काय काय सांगतलं, ते बी ऐकलं मी."

मेघा हसली आणि वऱ्हांड्यात गेली. "आजी, टीव्ही पाहताना कुठं बसता तुम्ही?"

"आता नाई बसत मी. पैले त्या दिवाणावर बसत होते. नुसते तोंडं हलतात लोकाइचे, काय पाहाचं त्यात?"

मेघा दिवाणावर मांडी घालून बसली, टीव्ही लावायला सांगितला आणि डोळे मिटले.

"बरं नाई का तिले?" मधुकररावांनी प्रेमिलाला विचारलं.

"ऐकून राहिली ती," प्रेमिला म्हणाली, आणि तिलाच थोडी लाज वाटली.

तोंडावर उशी धरून कुणी बोलावं, तसा आवाज येत होता. मेघा उठली, कपाटापुढे गुडघे टेकले, टीव्हीच्या खालच्या कडेखाली हात घालून चाचपलं आणि तिला हसू आवरेना.

"सर, हे तुम्हीच केलं ना?"

टीव्हीची खालची फट या टोकापासून त्या टोकापर्यंत खाकी चिकटपट्टीनं बंद केलेली होती. कोपरे मोजून कापलेले, कडा अंगठ्यानं दाबून बसवलेल्या. कोराडीत खिडक्या कितीही घट्ट लावा, संध्याकाळपर्यंत वीज केंद्राच्या राखेत फरशीवर पावलं उमटतातच. राख आत जाऊ नये म्हणून मधुकरराव कामावर यंत्रांचे पॅनेल असेच बंद करत, आणि मेघालाही त्यांनीच ते शिकवलं होतं.

"पॅनेल कसं सील करतो आपण," ते म्हणाले. "तसंच केलं. नवीन टीव्ही होता."

"पॅनेलले बोलावं लागत नाही सर."

पट्टी निघाली तसा आवाज मोकळा झाला, पण अजून कपाटात घुमत होता. मेघानं टीव्ही ओढून कपाटाच्या कडेपर्यंत पुढे आणला. आतल्या सेटिंगमध्ये सिनेमासाठीचा आवाज होता, तो बदलून बोलण्यासाठीचा लावला आणि घुमणारा जाड भाग कमी केला. उघड्या फरशीवर सतरंजी टाकायला लावली. मग पिशवीतून स्वतःचा लाकडी डबा काढला. इतवारीच्या भंगार गल्लीतून हुडकून आणलेले जुन्या म्युझिक सिस्टिमचे स्पीकर त्यात बसवलेले असत. तो तिनं दिवाणाजवळच्या तिवईवर, म्हातारीच्या कानाच्या उंचीवर ठेवला आणि कूलर चालू केला.

"या आजी."

जयवंताबाई लसणाचं ताट घेऊनच आल्या. कुठल्या तरी मालिकेचा आठवड्यातला जुना भाग पुन्हा लागला होता. दोन पाकळ्या सोलून झाल्या आणि त्यांचा हात थांबला.

"मधू," त्या म्हणाल्या, "हे बाई तं खोटं बोलून राहिली."

"कोणती?"

"हे निळ्या लुगड्याची. सहा महिने मी इले चांगली समजत होते गा. चेहरा पाय कसा गोड. आन जिले मी शिव्या देल्ल्या, ते बिचारी गरीब निघाली."

मधुकरराव हसता हसता खुर्चीत बसले. मेघाचे तर डोळे भरून आले हसून. प्रेमिलाही हसली, पण निळ्या साडीच्या बाईकडे तिला नीट बघवेना. ती मेघाकडे बघत राहिली. नोकरीची दोन वर्षं ही पोरगी संध्याकाळी घरी यायची, बूट काढायची आणि न बोलता ताटावर बसायची. आज म्हातारी तिला दंडाला धरून दिवाणावर बसवत होती. "बस वं पोरी. हा कोण हाय ते सांग. याले तं मी नोकर समजत होते."

चहा आला. मधुकररावांनी कप खाली ठेवून घसा साफ केला. "हं मेघा, ते उद्या मी ऑफिसात..."

"भाऊ, साखर आहे का थोडी?" प्रेमिला एकदम म्हणाली. चहा चांगला गोड होता.

ते साखर घेऊन आले आणि पुन्हा सुरुवात केली. "तर मी म्हणत होतो..."

"चूप बस गा मधू," जयवंताबाई म्हणाल्या. "आताच कुठं ऐकू येऊन राहिलं."

तेवढ्यात शेजारची रोशनी दारात आली. म्हातारीचं हसणं तिला खिडकीतून ऐकू गेलं होतं. तिवईवरचा डबा तिनं पाहिला, मग सोलून काढलेली खाकी पट्टी पाहिली.

"अवं, हेच लावलं होतं का यांनी? आमच्या टीव्हीले बी मधुकरभाऊंनीच लावून देल्ली. या लाइनीतल्या सगळ्याइले लावून देल्ली."

"सगळ्यांना?" मेघानं विचारलं.

मधुकरराव चष्मा पुसायला लागले. "राख येते ना," म्हणाले.

निघेपर्यंत पाच घरांतून बोलावणं आलं. स्कूटर सुरू करताना मेघा म्हणाली, "सरांनी वर्षभराचं काम तयार करून ठेवलं माझ्यासाठी. त्यांना धन्यवाद द्यायले पायजे." सगळ्या रस्त्यानं ती आजींची नक्कल करत होती, आणि मागे बसलेल्या प्रेमिलाला हसायचं की रडायचं ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर मेघा नळावर हातावरची राख धुवायला गेली. प्रेमिला दाराशी खुर्ची ओढून बसली. चाळीसाव्या वर्षाचा प्रश्न गेला नव्हता, तो उद्याही भाजी चिरताना येणारच होता. पण तो तिचा स्वतःचा प्रश्न होता. तो मिटावा म्हणून तिनं एका सरळ माणसाला खोटं सांगितलं होतं, आणि ज्या पोरीनं नाही म्हटलं होतं तिच्या तोंडी परस्पर हो घातलं होतं. उद्या दहा वाजता ऑफिस उघडलं की ते नाव लागणार.

तिनं नंबर लावला. आत जाऊन हळू बोलता आलं असतं, पण ती उठली नाही. नळावरून मेघाला ऐकू जाईल, एवढ्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, "मधुकरराव, मी प्रेमिला बोलते. मेघा तयार आहे असं मी म्हणाले होते ना, ते खोटं होतं. तुम्ही तिचं नाव देऊ नका."